‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका: वयस्क माणूस गेल्यावर इगर्जीतल्या (चर्चमधल्या) मंडळींनी करायची कामं

पंच्याऐंशी वर्षांचं माणूस गेलं की वाड्यावर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘सुटले बिचारे, सोनं झालं.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण घरात मागे कोण राहिलं ते आधी बघा. गोव्यात बहुतेक वेळा तो ऐंशीचा नवरा असतो, नाहीतर अठ्ठ्याहत्तरची बायको. सोबत चार-पाच वर्षं अंथरुणाशी बसून काढलेली सून किंवा लग्न न झालेली मुलगी. बाकीची मुलं आखातात, लंडनला, लिस्बनला. जाणाऱ्याचं वय झालं होतं म्हणून मागच्यांची कामं कमी होत नाहीत, उलट ती करायला घरात तरणं माणूस नसतं. वाड्यावरच्या क्रिस्तांव (ख्रिस्ती) समुदायाच्या लोकांनी जायचं ते या कामांसाठी. घरच्यांना कमीत कमी प्रश्न विचारावे लागतील अशी ती आपसांत वाटून घ्यायची.

पहिले दोन तास

वाड्यावरच्या लहान क्रिस्तांव समुदायाने लगेच दोन माणसं ठरवावीत, एक आतलं आणि एक बाहेरचं. आतलं म्हणजे घराची माहिती असलेली बाई: चहापूड कुठे, पेटीची किल्ली कुठे, म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी किती वाजता, हे जिला ठाऊक आहे ती. बाहेरचा माणूस फोन घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जो संदेश फिरेल त्यात घरच्यांचा नव्हे, त्याचा नंबर द्यायचा. एवढं केलं तरी सुनेचे पन्नास-साठ फोन वाचतात.

मृत्यू घरी झाला असेल तर सगळ्यात आधी डॉक्टर. उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४-अ, दिल्याशिवाय पुढे नोंदणीला अडतं. इस्पितळात झाला तर फॉर्म ४ तिथेच मिळतो आणि नोंदणीसाठी कळवायचं कामही इस्पितळाचं. नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती जिथे मृत्यू झाला त्या हद्दीत होते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) माणूस गेलं असेल तर दाखला आपल्या गावच्या पंचायतीत शोधून सापडत नाही. या एका गैरसमजापायी लोक दोन-दोन हेलपाटे घालतात.

पाद्रींना बोलावण्याबद्दल एक गोष्ट दरवर्षी सांगावी लागते. आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार जिवंत माणसासाठी आहे. प्राण गेल्यावर पाद्री मृतासाठी प्रार्थना करतील, संस्कार देणार नाहीत. प्राण गेला की नाही याची खात्री नसेल तर मात्र देतात, म्हणून घुटमळू नका, फोन करा. अंथरुणाला खिळलेली माणसं कोण आहेत याची यादी वाड्यावर असतेच. विगाराला (इगर्जीच्या मुख्य पाद्रींना) त्यांच्याकडे आधीच नेऊन आणलं तर ही धावपळ होत नाही.

तारीख आणि वेळ

मुलांच्या विमानाची तिकिटं पक्की होईपर्यंत वेळ जाहीर करू नका. ‘बहुतेक उद्या चार वाजता’ असा संदेश एकदा फिरला की दुरुस्ती निम्म्या लोकांपर्यंत पोहोचत नाही. शवागारात ठेवायचं असेल तर तिथे ताबा देण्याच्या वेळा, लागणारं ओळखपत्र आणि गाडी कोणाची, हे तिन्ही एकाच फोनवर विचारून लिहून घ्या. मोपाला उतरणारा मुलगा काणकोणला पोहोचायला विमानतळाबाहेर पडल्यापासून दोन-अडीच तास धरा, पावसाळ्यात तीन. दाबोळीचं गणित वेगळं. तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते डोळ्यांनी बघा.

चर्चचं कॅलेंडर समोर ठेवा. पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, पवित्र शनिवार, ईस्टर, नाताळसारखे बंधनकारक सण आणि आगमन (नाताळाआधीचा), उपवास (ईस्टरआधीचा) व ईस्टर काळातले रविवार, या दिवशी अंत्यविधीचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होत नाही. प्रार्थना आणि दफन होऊ शकतं, मिस्सा नंतरच्या दिवशी ठेवतात. घरच्यांना हे इगर्जीच्या दारात कळलं तर अपमान वाटतो, म्हणून आदल्या दिवशीच शांतपणे सांगा. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला आणि त्याआधीच्या नोवेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत त्या बाजूच्या रस्त्यांचा भरवसा धरू नका.

वर्तमानपत्रात द्यायच्या निधन वार्तेत पूर्ण नाव, टोपणनाव, घराचं किंवा वाड्याचं नाव, पती-पत्नीचं नाव, घरून निघायची वेळ आणि मिस्साची वेळ वेगवेगळी लिहा. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असतात. टोपणनाव नसेल तर जिवंत माणसाच्या घरी फोन जातात, आणि गेलेही आहेत.

सिमितेर (दफनभूमी) आणि शवपेटी

घरच्यांची स्वतःची कायमची फोंड (दफनाचा खड्डा) आहे की सामायिक, हे इगर्जीच्या वहीत बघा. सामायिक फोंडीतल्या अस्थी काही वर्षांनी काढून वेगळ्या जागी ठेवतात, मुदत त्या त्या इगर्जीच्या नियमाप्रमाणे. वसई, बेळगाव, सावंतवाडीकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना इथला नियम ठाऊक असतोच असं नाही. चार वर्षांनी पत्र आलं की त्यांना धक्का बसतो. दफनाच्या दिवशी नव्हे, महिन्याच्या मिस्सानंतर केव्हातरी समजावून सांगा. चर्चची किंवा कोंफ्रारीची (इगर्जीतल्या धार्मिक मंडळाची) वर्गणी थकलेली असेल तर तो विषय घरच्यांपर्यंत जाऊच देऊ नका. फोन घेणाऱ्या त्या बाहेरच्या माणसाने ती रक्कम भरून टाकावी आणि हिशेब नंतर करावा.

खणणाऱ्याला आदल्या संध्याकाळी निरोप द्या. चिऱ्याच्या दगडात खणायला वेळ लागतो, किनाऱ्याच्या वाळूत कडा ढासळतात आणि जुलैत फोंडीत पाणी भरतं. पावसाळ्यात ताडपत्री आणि लहान पंप सांगून ठेवा. पेटीचं माप देताना कड्यांसकट बाहेरची रुंदी द्या. आतलं माप दिलं की पेटी फोंडीच्या तोंडाशी कड्यांवर अडकते, आणि ते दृश्य घरचे कधी विसरत नाहीत. पेटी न्यायच्या वाटेने एकदा रिकाम्या हाताने चालून बघा. जुन्या घरांचं बलकांव (दारापुढचा सोपा), पायऱ्या आणि मधलं अरुंद दार यांमुळे वळवताना पेटी उभी करावी लागेल का? तसं असेल तर बाजूचं दार उघडून घ्या. उचलायला सहा माणसं आणि बदलीला चार, साधारण एका उंचीची. कोंफ्राद, म्हणजे कोंफ्रारीचे सभासद, ऑप-मुर्स हा त्यांचा पोशाख घालून येणार असतील तर त्यांना वेळ अर्धा तास आधीची सांगा.

दहन करायची इच्छा असेल तर चर्चची हरकत नाही, १९६३ पासून परवानगी आहे. मात्र रक्षा विखुरू नये आणि घरी ठेवू नये, ती पवित्र जागी पुरावी किंवा ठेवावी, असं २०१६ साली रोमहून पुन्हा स्पष्ट केलं आहे. मांडवीत किंवा समुद्रात सोडायचा बेत कोणी बोलून दाखवला तर तिथेच वाद न घालता विगाराशी गाठ घालून द्या.

खाणं

पहिले तीन दिवस त्या घरात चूल पेटू नये असं बघा. पण सगळ्यांनी एकाच दिवशी शाकुती पाठवली तर फ्रिज भरतो आणि चौथ्या दिवशी घरात काहीच नसतं. तेव्हा वही करा: दिवस, वेळ, घर, पदार्थ. दुपारचं एका घराकडून, रात्रीचं दुसऱ्याकडून.

पहिल्या दिवशी पेजच बरी, घशाखाली उतरते. पंधरा माणसांना सव्वा किलो उकडा तांदूळ आणि साधारण नऊ लिटर पाणी लागतं. तांदूळ तासभर भिजवा, मंद आचेवर पाऊण-एक तास शिजवा, मीठ शेवटी. सोबत आंब्याचं लोणचं, सुंगटांची किसमूर, भाजलेला सुका बांगडा. उपवास काळातला शुक्रवार असेल तर मटण-चिकन नको, मासळी चालते. घरात मधुमेही म्हातारा असेल, आणि असतोच, तर त्याच्यासाठी नाचणीची आंबील वेगळी.

दफनानंतर घरी परत येणाऱ्यांसाठी चहा. शंभर लहान कपांना चार लिटर दूध, पाच लिटर पाणी, दोनशे ग्रॅम चहापूड, आठशे ग्रॅम साखर. बिनसाखरेची किटली वेगळी ठेवून तिच्यावर तसं लिहा. पाव आणि पोळे लागणार असतील तर पदेराला (पाववाल्याला) आदल्या संध्याकाळी आकडा द्या, सकाळी तो सायकलवर जेवढे असतील तेवढेच देईल. वीस लिटरचे पाण्याचे चार कॅन, साठ-सत्तर खुर्च्या आणि एक पंखा जिथे म्हातारं माणूस बसणार तिथे. भांड्यांवर चिकटपट्टीने नावं लावा. पंधरा दिवसांनी ‘हा टोप कोणाचा’ म्हणून सुनेने दारोदार फिरायचं का?

काय बोलावं

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट बायबल वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं नीट चाललं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य कितीही मनापासून म्हटलं तरी काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतं. काय लागेल ते आठवायचं आणि वर मागायचं, दोन्ही त्यांनीच. त्याऐवजी ठरवून सांगा: ‘काकी, उद्या दोन ते चार मी इथे बसते, तुम्ही आडव्या व्हा.’ ‘गुरुवारी पंचायतीत मी जातोय, फॉर्म माझ्याकडे द्या.’ नको असेल तर ‘नको’ म्हणणं सोपं असतं, मागणं अवघड.

‘देवाला हवे होते’, ‘आता स्वर्गात सुखात आहेत, रडू नका’, ‘माझी आई तर साठाव्या वर्षीच गेली’, ही तिन्ही वाक्यं टाळा. श्रद्धा खरी असली तरी ती रडू थांबवायला वापरायची नसते. लाजराच्या थडग्यापाशी येशूही रडला, आणि तो त्याला उठवणार होता. त्यापेक्षा गेलेल्या माणसाचं नाव घ्या. ‘पावलूबाब तेर्साला बाजाची पेटी वाजवायचे ना?’ (तेर्स म्हणजे माळेची प्रार्थना.) एवढ्याने म्हातारी बोलायला लागते. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी चौथ्यांदा ऐका. घर कोणाच्या नावावर, दागिने कोणाकडे, भावंडांचं कसं ठरलं, हे विषय त्या ओसरीवर निघाले तर बाहेरच्या माणसाने गप्प न बसता विषय बदलावा. गोव्याच्या कायद्यात हयात जोडीदाराचा अर्धा हिस्सा वगैरे गोष्टी आहेत, पण त्या वकिलाच्या टेबलावर आणि नंतर.

मिस्सा

वाचनं घरच्यांना निवडू द्या, पण कोरा कागद देऊ नका, चार-पाच पर्याय द्या. वयस्कांसाठी ज्ञानग्रंथ ३:१-९, स्तोत्र २३, रोमकरांस ८:३१-३९, २ तीमथ्य ४:६-८, योहान १४:१-६ चांगली. कोंकणीतल्या मिस्सात एखादं वाचन आणि एक गीत मराठीत ठेवायचं असेल तर विगाराला आदल्या दिवशी विचारा. इथे एक घोळ ठरलेला: बाजारात सहज मिळणाऱ्या मराठी बायबलात ज्ञानग्रंथ नसतो, कॅथलिक आवृत्तीतच असतो. आयत्या वेळी वाचणारा पानं चाळत उभा राहतो. मोठ्या टायपात छापून वाचनपीठावर ठेवा. वाचायला नातवंड असेल तर दुसरा वाचक पहिल्या रांगेत तयार हवा, कारण आवाज तुटतो.

आठवणींचे दोन शब्द कम्युनिअननंतर (पवित्र भाकर वाटून झाल्यावर), एकाच माणसाने, लिहून, तीन मिनिटं. तीन मिनिटं म्हणजे साधारण तीनशे शब्द. न लिहिता बोलणारा पंधरा मिनिटं घेतो आणि शेवटी स्वतःबद्दलच बोलत राहतो.

दफनानंतर लोक रांगेने हात मिळवायला येतात. ज्याचा जोडीदार गेला त्याला खुर्ची द्या, मागे एक माणूस पाणी घेऊन उभा करा. गर्दी दोनशेच्या वर असेल तर ती रांग अर्धा-पाऊण तास चालते.

हिंदू शेजारी मोठ्या संख्येने येतात. चपला काढायची गरज नाही, कम्युनिअनच्या वेळी जागेवरच बसायचं, मूठभर माती मात्र तेही टाकू शकतात. हे कोणीतरी दारातच हसतमुखाने सांगावं म्हणजे ते अवघडत नाहीत. कोणी चहा न घेता सरळ घरी आंघोळीला गेले तर मनाला लावून घेऊ नका, त्यांची रीत आहे. आणि मराठी हिंदू वाचकांसाठी: त्या घरात सुतक पाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलात तर आनंदाने घेतील.

सात रात्री

सात दिवस संध्याकाळी घरी तेर्स. माळेची पाच दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट), लदीन (स्तुतिमाला) आणि एक गीत धरून पस्तीस-चाळीस मिनिटं. वेळ सात वाजता धरा, पावणेआठला उठा. म्हाताऱ्याचं जेवण आणि गोळ्या आठला असतात. खायला-प्यायला काही ठेवायचं नाही हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सून चणे उकडत बसते. तेर्स चालवणारी माणसं रोज बदला, भाषाही बदलता येते: आज कोंकणी, उद्या मराठी.

सातव्या दिवसाचा मिस्सा झाला की मुलं विमानाने परत जातात. आठव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरात कोणीही नसतं.

आठव्या दिवसानंतर

खरी वही इथून सुरू करा. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन भेटी, नंतरचे दोन महिने आठवड्याला एक, पुढे वर्षभर महिन्याला एक. वेळ दुपारी चार ते सहा, चहाची. प्रत्येक भेटीला एक नाव लिहा, ‘सगळे मिळून जाऊ’ म्हटलं की कोणीच जात नाही. शक्य तर दोन-तीनच माणसं आलटून पालटून असू द्या.

कागदांची कामं या भेटींतच उरकतात. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या: बँक, पेन्शन, विमा, वीज-पाण्याची जोडणी, प्रत्येकाला एक. गेलेल्या माणसाला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन मिळत असेल तर लगेच कळवा, कारण नंतर खात्यात पडलेले पैसे परत करावे लागतात. विधवा पात्र असेल तर तिचा अर्ज वेगळा. सरकारी पेन्शन असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज. बँकेत म्हातारीला एकटं पाठवू नका. सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात आणि ती पुन्हा जातच नाही.

आता सुनेकडे, किंवा मुलीकडे वळा. सगळे म्हाताऱ्या बाईचं सांत्वन करतात आणि ही चहा देत फिरते. पाच वर्षं हिचा दिवस सहाच्या गोळीने सुरू झाला आणि रात्री कूस बदलून देण्याने संपला. आता पहाटे तीनला आपोआप जाग येते आणि करायला काही नसतं. वर मनात सुटल्यासारखंही वाटतं आणि त्याची लाज वाटते. तिला कामं सुचवू नका. तिला घेऊन बाजारात जा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असेल तर उत्तमच. ‘तुम्ही किती केलंत’ हे लोकांसमोर नाही, एकटीला सांगा, आणि तपशिलासकट: पाठीला एक जखम होऊ दिली नाहीत. सांभाळायला ठेवलेली बाई असेल तर तिचंही माणूस गेलेलं असतं, शिवाय नोकरी. दुसरं काम मिळेपर्यंत तिची चौकशी समुदायानेच करावी.

खोली आवरायची घाई नको. लोखंडी पलंग, वॉकर, उशाकडची माळ, चष्मा, हे घरचे म्हणतील तेव्हाच हलवा. अपवाद दोन: भाड्याचा ऑक्सिजन सिलिंडर किंवा मशीन, कारण भाडं चढत राहतं, आणि उरलेली औषधं, विशेषतः झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्या. त्या घरातून बाहेर गेलेल्या बऱ्या. दुसऱ्या आजाऱ्याला देऊ नका. इगर्जीची व्हीलचेअर महिनाभराने मागायला हरकत नाही. न उघडलेले डायपर गरजू घरी चालतात.

भेटीत डोळे उघडे ठेवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही जेवण सुटलेलं, कपडे ढगळ झालेले, स्वतःच्या गोळ्या बंद, रविवारच्या मिस्साला येणं थांबलं, ‘आता मला कशाला ठेवलंय’ हे वारंवार बोलणं, यांतलं काही दिसलं तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका. फॅमिली डॉक्टरकडे घेऊन जा, मुलांना कळवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि फोन कोणीही करू शकतं, शेजारीही.

वहीत पुढच्या तारखा

महिन्याचा मिस्सा, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाची तारीख, पहिला नाताळ, वर्षाचा मिस्सा. मिस्साची नोंद इगर्जीच्या कचेरीत वेळेवर करा, वर्षाच्या मिस्सासाठी दोन-तीन महिने आधी, कारण सोयीच्या वेळा भरून जातात. दुखवट्यातल्या घरी नाताळचं गोडधोड बहुधा होत नाही, ताराही लागत नाही. तारा लावायचा आग्रह करू नका, पण नेवऱ्या आणि दोदोलाचं ताट शेजारून जायलाच हवं, झाकून, गाजावाजा न करता.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमितेरीत गर्दी असते. आदल्या आठवड्यात दोघांनी जाऊन फोंडीवरचं पावसाळी गवत काढावं, क्रुसावरचं नाव पुसून घ्यावं. संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा मेणबत्त्या काचेच्या ग्लासात लावा, आठ-दहा पुरतात, आणि काडेपेटी दोन न्या. म्हाताऱ्याला गाडीतून कोण आणणार ते आधी ठरवा आणि घडीची एक खुर्ची डिकीत टाका. तिथे बसायला काही नसतं आणि त्याला लवकर उठायचं नसतं.